स्पाइक लीचे दोन उन्हाळे आणि आजीचे चेक

दहावी-बारावीचे पेपर आटोपतात, कॉलेजांना सुट्ट्या लागतात आणि आपल्या वस्त्या-वसाहतींतून हल्ली एक शब्द हमखास कानावर पडतो, तो म्हणजे इंटर्नशिप. पूर्वी सुट्टीत मुले कुठे जात? कुणी मामाच्या गावी, तर कुणी वडिलांच्या ओळखीने एखाद्या दुकानात किंवा कारखान्यात महिनाभर हाताखाली. त्याला आपण सरळ 'कामाला लावणे' म्हणत होतो आणि महिनाअखेर चार पैसे हाती पडत होते. इंटर्नशिपमध्ये काम असते, हजेरी असते, वर साहेबही असतो. पगार मात्र असेलच असे नाही! नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमातच तिला जागा दिली आहे, तेव्हा आज ना उद्या हा शब्द आपल्या प्रत्येकाच्या उंबऱ्यात येणार आहे. त्यातही सिनेमा, मालिका, वेब सिरीज अशा करमणुकीच्या धंद्याकडे ज्या मुला-मुलींचा ओढा आहे, त्यांच्या आईवडिलांना तर काही उमजतच नाही. मुलगी सकाळी जाते, रात्री येते, काय शिकते ठाऊक नाही, आणि घरातूनच तिकिटाला पैसे नेते.

या धंद्यातला शिकाऊ उन्हाळा कसा असतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घ्यायचे तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या विद्यार्थिदशेकडे पाहावे. 'माल्कम एक्स' हा १९९२ चा चित्रपट ज्यांनी काढला, तेच हे स्पाइक ली. त्यांच्या नावावर आज कितीतरी चित्रपट आहेत, ऑस्कर आहे. पण आपल्याला इथे वीस-बावीस वर्षांचा स्पाइक हवा आहे.

त्याचा जन्म २० मार्च १९५७ चा, अटलांटा शहरातला. वाढला तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. वडील बिल ली हे जाझ संगीतातले नामवंत वादक. बास नावाचे मोठे तंतुवाद्य ते वाजवीत. पुढे काळ बदलला, विजेवर चालणारा बास आला, रेकॉर्डिंगवाले तोच मागू लागले. बिल ली यांनी तो हातात घ्यायला साफ नकार दिला. कलावंताचा बाणा म्हणून आपण त्याचे कौतुक करू. पण घरात पाच मुले होती आणि मिळकत घटली. तेव्हा आई जॅकलिन यांनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली आणि घर चालवले. नवऱ्याचे तत्त्व आणि बायकोची नोकरी! हा हिशेब आपल्याही अनेक घरांतून चालत आलेला आहे. या आईनेच स्पाइकला लहानपणापासून सिनेमा-नाटकांना नेले. तो कॉलेजात असताना, १९७६ साली, ती वारली.

कॉलेज होते अटलांटाचे मोअरहाउस. कृष्णवर्णीय मुलांचे हे जुने, नामांकित कॉलेज. मार्टिन ल्यूथर किंग इथलेच, १९४८ चे पदवीधर. स्पाइकचे वडील आणि आजोबाही इथेच शिकले होते.

१९७७ च्या उन्हाळ्यात स्पाइक सुट्टीला ब्रुकलिनमध्ये आला, तेव्हा न्यूयॉर्क महापालिकेची तिजोरी रिकामी झालेली होती. दरवर्षी मुलांना मिळणारी सुट्टीतली कामे त्या वर्षी नव्हती. हा रिकामा पोरगा एका मैत्रिणीच्या घरी गेला असता तिथे एक सुपर-८ कॅमेरा नुसता पडून होता. मैत्रीण म्हणाली, घेऊन जा. सुपर-८ म्हणजे घरगुती चित्रीकरणाचा हातात मावणारा कॅमेरा. त्याचे एक रीळ जेमतेम तीन मिनिटे चालायचे. आजच्या मोबाईलवर दिवसभर शूटिंग करणाऱ्या मुलांना तीन मिनिटांची किंमत सांगून पटणार नाही. तेव्हा बटण दाबण्याआधी विचार करावा लागे.

आणि उन्हाळा तरी कसला! १३ जुलैच्या रात्री अख्ख्या न्यूयॉर्कची वीज गेली. अंधारात दुकाने फुटली, लूटमार झाली, सुमारे पावणेचार हजार लोकांना अटक झाली. शहरात एक माथेफिरू तरुण जोडप्यांना गोळ्या घालत हिंडत होता. आणि त्याच दिवसांत गल्लोगल्ली लोक रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून वीज घेऊन रेकॉर्ड लावत होते आणि 'हसल' नावाचा नाच करीत होते. स्पाइकने हे सगळे टिपले. सुट्टी संपल्यावर त्याने ती रिळे अटलांटाला नेली. मोअरहाउसच्या शेजारच्या क्लार्क कॉलेजात हर्ब आयकेलबर्गर नावाचे प्राध्यापक चित्रपटाचा विषय शिकवीत. त्यांनी त्याला या तुकड्यांचा माहितीपट जोडायला लावला. 'लास्ट हसल इन ब्रुकलिन' हा स्पाइक लीचा पहिला चित्रपट. सुट्टीत काम मिळाले नाही म्हणून तो झाला. पुढे १९९९ साली याच उन्हाळ्यावर त्यांनी 'समर ऑफ सॅम' हा मोठा चित्रपट काढला.

आता दुसरा उन्हाळा, १९७९ चा. पदवी हातात पडली आणि स्पाइक कॅलिफोर्नियात बरबँक येथे कोलंबिया पिक्चर्स या स्टुडिओत इंटर्न म्हणून गेला. कोलंबिया म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे दुसरेच नाव उभे राहते. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते न्यूयॉर्कमधले. या सिनेमा कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

स्टुडिओ म्हणजे नुसते शूटिंगचे आवार नव्हे. ते एक मोठे ऑफिस असते. पटकथा येतात, करार होतात, पैशाची व्यवस्था होते, चित्रपट थिएटरांपर्यंत पोचवण्याचा बंदोबस्त होतो. इंटर्नची कामे ठरलेली असतात: फोन घेणे, झेरॉक्स काढणे, पाकिटे पोचवणे. ज्याचे नशीब बरे, त्याला पटकथा वाचून तिचा गोषवारा लिहिण्याचे काम मिळते. शंभर-सव्वाशे पानांची पटकथा वाचायची, दोन-तीन पानांत कथा सांगायची आणि शेवटी घ्यावी की न घ्यावी याचा शेरा मारायचा. साहेब बहुधा तेवढाच कागद वाचतो. आम्हा कारकुनांना यात नवल नाही. सरकारी फाइलवरची टिपणी ती हीच!

या धंद्यातले कितीतरी बडे लोक कारकुनीतूनच वर गेले आहेत. डेव्हिड गेफन आणि बॅरी डिलर ही तिथली दोन फार मोठी नावे. दोघांनीही १९६० च्या दशकात विल्यम मॉरिस या एजन्सीच्या टपालखात्यात सुरुवात केली. आवक-जावक विभागात बसणाऱ्याला ऑफिसात कोणाचे कोणाशी काय चालले आहे हे सर्वांत आधी कळते, हे मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून खात्रीने सांगतो. इंटर्नशिपचा खरा लाभही तोच आहे. कॅमेरा शिकता येतो तो दुसरीकडेही. पण कोणता माणूस कशाला 'हो' म्हणतो आणि पैसा कुठून सुटतो, हे आत बसल्याशिवाय कळत नाही.

स्पाइक आत बसला तेव्हा त्याच्यासारखे दिसणारे त्या खुर्च्यांवर किती होते? हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओसाठी एखाद्या कृष्णवर्णीयाने चित्रपट दिग्दर्शित करण्याची पहिली वेळ आली तीच मुळी १९६९ साली, गॉर्डन पार्क्स यांच्या रूपाने. म्हणजे स्पाइकच्या इंटर्नशिपच्या अवघी दहा वर्षे आधी.

तो उन्हाळा संपला आणि स्पाइक तिथे राहिला नाही. त्याला स्वतःचे चित्रपट काढायचे होते आणि त्यासाठी यंत्रसामग्री हवी होती. ती चित्रपट-शाळेत मिळते. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या शाळांना प्रवेश-परीक्षेचे गुण भरमसाट लागत, तेवढे त्याला पडले नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठाने केलेले काम पाहून प्रवेश दिला. गुणवत्ता गुणवत्ता म्हणून जे आपल्याला सदोदित ऐकवले जाते, त्या गुणवत्तेच्या परीक्षेत स्पाइक ली नापास आणि काम दाखवा म्हटल्यावर पास! वाचकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण फी? वर्षानुवर्षांची फी, न्यूयॉर्कमधला खर्च, शिवाय विद्यार्थ्याने आपल्या चित्रपटाचा खर्च बराचसा स्वतःच करायचा. बाप वादक, आई गेलेली. इथे आजी येते.

झिमी शेल्टन या स्पाइकच्या आईच्या आई. त्यांची आई गुलाम म्हणून जन्मलेली. गुलामाच्या पोटची ही मुलगी अटलांटाच्या स्पेलमन या कृष्णवर्णीय मुलींच्या कॉलेजात शिकून पदवीधर झाली आणि जॉर्जिया राज्यात चित्रकलेची शिक्षिका झाली. काळे-गोरे वेगळे ठेवण्याच्या कायद्यामुळे इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वर्गात एकही गोरा विद्यार्थी बसला नाही. म्हातारपणी सरकारकडून सोशल सिक्युरिटीचा चेक येतो, आपल्याकडील पेन्शनसारखा. हे चेक त्यांनी स्वतःवर खर्च केले नाहीत. नातवंडांच्या शिक्षणासाठी साठवले. स्पाइक थोरला, म्हणून पहिला हक्क त्याचा. मोअरहाउसची फी त्यातून गेली, न्यूयॉर्क विद्यापीठाचीही त्यातूनच. आजी शंभर वर्षे जगल्या. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी 'ब्लॅकक्लॅन्समन' च्या पटकथेसाठी ऑस्कर घेताना स्पाइक ली यांनी साऱ्या जगापुढे या आजीचे नाव घेतले आणि तिच्या चेकची गोष्ट सांगितली.

विद्यापीठातला पहिलाच मोठा विद्यार्थी-चित्रपट त्याने असा केला की प्राध्यापक बिथरले. ग्रिफिथचा १९१५ चा 'बर्थ ऑफ अ नेशन' हा तिथे चित्रतंत्राचा आदर्श म्हणून शिकवला जाई. त्यात कृष्णवर्णीयांची हत्या करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा उदोउदो आहे, याची चर्चा मात्र होत नसे. स्पाइकने 'द आन्सर' मध्ये एका कृष्णवर्णीय लेखकालाच या चित्रपटाची नवी आवृत्ती लिहायला बसवले. काही प्राध्यापकांना हा पोरगा शाळेत नको झाला. पण तो टिकला, सामानाच्या खोलीत सहायकाचे काम करीत शिकला आणि त्याच्या शेवटच्या विद्यार्थी-चित्रपटाला १९८३ साली विद्यार्थ्यांसाठीचे अकादमी पारितोषिक मिळाले.

पारितोषिक मिळाले म्हणजे दारात गाड्या उभ्या राहिल्या काय? मुळीच नाही. फोन वाजलाच नाही. एका वितरण कंपनीत रिळे साफ करून पार्सल करण्याची नोकरी त्याने धरली. १९८५ च्या जुलैमध्ये 'शीज गॉटा हॅव इट' हा पहिला चित्रपट अवघ्या बारा दिवसांत पुरा केला. खर्च एक लाख पंच्याहत्तर हजार डॉलर, हॉलिवूडच्या मानाने चणे-फुटाणे. त्यातही सुरुवातीच्या पैशात आजीचा हात होता. संगीत वडिलांचे, भूमिकेत बहीण, स्थिरचित्रे भावाची. सेटवर सरबताच्या रिकाम्या बाटल्या नि डबे कोणी फेकायचे नाहीत, ते परत करून मिळणारे सुटे पैसेही हवेत, अशी ताकीद होती. त्या चित्रपटाने सत्तर लाख डॉलरांहून अधिक धंदा केला. आणि १९८८ साली त्यांचा 'स्कूल डेझ' पडद्यावर आला. कृष्णवर्णीय कॉलेजातला, आपल्यातल्याच उजळ आणि काळ्या रंगाचा भेद उघडा करणारा चित्रपट. तो प्रदर्शित कोणी केला? कोलंबिया पिक्चर्सने! नऊ वर्षांपूर्वीचा इंटर्न आता दिग्दर्शक होऊन त्या नावाखाली आला होता.

आजीचे चेक नसते तर काय झाले असते, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. मी वाणिज्य शाखेचा माणूस. आम्हाला शिकवले होते की खर्च दोन प्रकारचा असतो. एक खिशातून जाणारा. दुसरा, जी मिळकत येऊ शकली असती पण बुडाली, तो. श्रीमंताच्या मुलाने दोन महिने फुकट काम केले तर त्याचा पहिला खर्च बाप भरतो आणि दुसरा त्याला जाणवत नाही. मजुराच्या मुलाला दोन्ही जाणवतात. अमेरिकेत तर आणखी एक गंमत आहे. इंटर्नशिपचे गुण कॉलेजच्या हिशेबात धरायचे तर त्या गुणांची फी कॉलेजला भरावी लागते. म्हणजे काम करायचे आणि वर पैसेही मोजायचे!

ही गोष्ट कोर्टात गेली ती 'ब्लॅक स्वान' या चित्रपटावरून. २०१० सालच्या या चित्रपटाने जगभरात तीस कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली, नायिकेला ऑस्कर मिळाले. निर्मितीच्या काळात बिनपगारी इंटर्न कॉफी करीत होते, जेवणाच्या ऑर्डरी घेत होते, कचरा बाहेर टाकत होते. त्यातल्या दोघांनी २०११ साली फॉक्स सर्चलाइट कंपनीवर दावा लावला: हे शिक्षण कसले, ही नोकरी आहे, पगार द्या. जून २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की हे कर्मचारीच आहेत. बऱ्याच कंपन्या घाबरल्या. काहींनी इंटर्नना पगार सुरू केला, काहींनी इंटर्न घेणेच बंद केले. परंतु जुलै २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि नवी कसोटी घातली, की या व्यवहारात जास्त लाभ कोणाचा, विद्यार्थ्याचा की मालकाचा, ते पाहावे. २०१६ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. कसोटी मात्र मला उपयोगाची वाटते. कोर्टाची पायरी न चढताही घरच्या घरी लावता येते.

आता आपल्या मुंबईकडे वळू. गोरेगावची चित्रनगरी १९७७ सालची, म्हणजे स्पाइकने कॅमेरा हातात घेतला त्याच वर्षाची. माझ्या परिचयाची कितीतरी माणसे या धंद्यात आहेत, पण लाइटदादा म्हणून, स्पॉटदादा म्हणून, सेटिंगच्या कामाला. कॅमेऱ्यामागच्या खुर्चीपर्यंत त्यांची मुले जावीत, ही इच्छा काही चुकीची नाही. आमच्या वसाहतीतली एक मुलगी मागच्या उन्हाळ्यात एका मालिकेच्या सेटवर दोन महिने जात होती. तिच्याकडे कंटिन्युइटीचे काम होते. कालच्या प्रसंगात सासूबाईंच्या हातात किती बांगड्या होत्या, पदर कोणत्या खांद्यावर, पेला अर्धा की भरलेला, हे सगळे ती दोनशे पानी वहीत टिपून ठेवी. वही मी पाहिली, अक्षर सुरेख आणि नोंदी चोख. शिफ्ट बारा तासांची, कधी पंधरावर जाई. एकदा पॅकअप व्हायला रात्रीचा दीड वाजला, शेवटची लोकल गेलेली, गाडी फक्त कलाकारांसाठी. पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत ती स्टेशनवर बसून राहिली आणि तिचे वडील, स्वतःची ड्युटी करून आलेले, एका मित्राची मोटरसायकल मागून तिला आणायला गेले. दोन महिन्यांनी तिला एक प्रमाणपत्र मिळाले. पगार नाही, प्रवासखर्च नाही, शेवटच्या नामावलीत नाव नाही. पण त्या वहीच्या जोरावर तिला दुसऱ्या ठिकाणी पगारी काम लागले, हेही खरे आहे. म्हणून मी सरसकट 'जाऊ नका' असे म्हणणार नाही.

दुसरे रस्तेही आहेत. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या कॉलेजात संज्ञापनाचा अभ्यास करताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' ही पुढची गोष्ट आपण सर्व जाणतो. नीरज घायवान हे 'गँग्ज ऑफ वासेपूर' च्या वेळी अनुराग कश्यप यांचे सहायक होते, मग २०१५ मध्ये त्यांचा 'मसान' आला आणि कान महोत्सवात गाजला. २०१९ साली त्यांनी उघड आवाहन केले की दलित, बहुजन, आदिवासी समाजातले लेखक आणि सहायक दिग्दर्शक मला हवे आहेत. त्यावर बरीच ओरड झाली, सिनेमात जात कुठून आणता म्हणून. ओळखीपाळखीने भरलेल्या खुर्च्यांबद्दल मात्र अशी ओरड कधी ऐकू आली नाही.

ज्यांच्या घरी यंदा मुलगा किंवा मुलगी इंटर्नशिपला निघाली आहे, त्या पालकांनी एक काम करावे. पहिल्या दिवसाच्या आधी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र मागावे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती तास, विद्यावेतन किंवा निदान प्रवासखर्च किती, रात्री उशीर झाला तर घरी पोचवणार कोण, कोणाच्या हाताखाली काय शिकवणार, आणि नामावलीत नाव येणार की नाही, एवढे त्यात असावे. कॉलेजच्या विभागप्रमुखांची सही त्यावर घेतली तर बरे. आपण मागितले तर मुलाचे नुकसान होईल अशी भीती पालकांना वाटते, मी ती पुष्कळदा पाहिली आहे. पण ज्या कंपनीत खरोखर शिकवतात तिथे असे पत्र लिहून द्यायला फारसे कुणी कुरकुरत नाही. मुलांनी रोजच्या कामाची वही ठेवावी, त्या मुलीने ठेवली तशी. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी या दोन महिन्यांचा खर्च एका कागदावर मांडून ठेवावा, म्हणजे तो भार कोणी उचलला हे मुलालाही कळेल.